विशाखानं वेचलेला भात

विशाखाचे बाबा,

मी धानाच्या रोवण्याले चालली, परत याले सांज होईन. भात आन् जवसाची चटणी झाकून ठेवली आहे. मीठ कमी वाटलं तं वरून घ्या, ताट भिरकावू नका.

काल पोरीनं बालवाडीत खिचडीची ताटली भिरकावली. बाई म्हणाल्या, "हे घरूनच शिकून आली." माही मान खाली गेली.

मंग त्या हासल्या. "पण लगेच खाली बसून शीत न् शीत वेचलं, आन् म्हणे, माहं चुकलं."

तेही घरचंच, मी सांगतलं. रविवारी ताट भिरकावल्यावर तुम्ही माहं चुकलं म्हणत भात वेचत होते, तवा पोरगी दाराआडून पाहून राह्यली होती.

आज तिले आणाले तुम्हीच जा. बाईले पाहाचं आहे, भात वेचणारा बाप कसा असते.

सत्यशीला