मेणबत्ती लावली का?

तिरुपूर, १८ मे

मार्सेलामावशी,

आज माझ्या बाप्तिस्म्याले चोवीस वर्षं झाली. सातव्याच महिन्यात जन्मलो, श्वास धरेना, अन् फादर अचलपूरले गेलेले. तू अमरावतीच्या त्या दवाखान्यात नर्स. पोरगं बाप्तिस्म्याविना जाऊ नये म्हणून तू फादरसाठी थांबली नाही. स्टीलच्या वाटीतलं पाणी माझ्या डोक्यावर तीनदा ओतलं अन् नाव ठेवलं लाझर. मायनं विचारलं, "हेच नाव काहून?" तू म्हणे, "येशूनं कबरीतून उठवला तो लाझर. हाही उठला पाहिजे म्हणून."

या दिवशी मेणबत्ती लावायची, ही तुही शिस्त. इथं आल्यापासून दरवर्षी तुहा फोन येते. "लावली का रे लाझऱ्या?" मी म्हणतो, "लावली ना." मावशी, सहा वर्षं मी खोटं बोललो. जे आठवतच नाही त्याचा कायचा सण, असं वाटे.

परवा कारखान्यात माझ्या बाजूच्या शिलाई मशीनवरच्या संघपालले पोरगी झाली. सातव्याच महिन्यात. काचेच्या पेटीत तिचं मुठीएवढं डोकं पाहिलं. एवढ्याशा डोक्यावर तू पाणी किती जपून ओतलं असशीन, ते मले तिथं उभ्या उभ्या समजलं.

आज खरंच लावली. विझू नये म्हणून पंखा बंद करून बसलो. संघपाल दारातून म्हणे, "लाइट गेली काय बे?"

हे पत्र टाकत नाही. तुले आता दिसत नाही. शेजारीण वाचून दाखवन, अन् माझं खोटं तिच्या तोंडून नको. फोनवर जीभ अडखळते म्हणून आधी लिहून काढलं.

फोन वाजून राहिला. विचार, मावशी.

तू उठवलेला,
लाझर