आंबायला घातलेली ज्वारी

बऱ्हाणपूर, चैत्र

माय,

तुझ्या पायावर डोकं टेकवून लिहते. दादा माझ्या हातचं पोटभर जेवतो. थोडा खोकतो, मिलमधे कापूस उडतो म्हणे, पण तू काळजी करू नको. बाबाचे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का?

तू डोईफोडियाहून पाठवलेली ज्वारी मी बिबड्यांसाठी तीन दिवस भिजत घातली होती. दुपारी सामसूम झालं की पातेल्याला कान लावून बसायची. आत बुडबुडे हळूहळू फुटायचे. ऐकता ऐकता डोळा लागायचा, वाटायचं तूच शेजारी बसून कुजबुजतेस.

बाजूच्या खोलीत दुबे चाची राहते. नवं राज्य झालं, ग्वाल्हेर अन् आपण एकात आलो, तशी नवऱ्याच्या बदलीने तिकडून आली. तिला आंबूस वास आला. "बिटिया, ये तो सड़ गया," म्हणाली अन् पातेलं उचलून मोरीकडे निघाली. माझ्या तोंडून शब्द निघत नाही, तुला माहीत आहे. शाळेतही निघाला नाही. मी दोन्ही हातांनी काठ धरला.

"फेको मत, चाची. मेरी माय की ज्वारी है. खट्टीच लगती है बिबडे को."

चाचीने पातेलं खाली ठेवलं. "अरे, तू बोलती भी है?"

मग ज्वारी धुतली, वाळवली, दळून आणली. आज पीठ शिजवून घाटा केला अन् गरम गरम, वर तेल टाकून तिला दिला. तिने ताटली बोटाने पुसून खाल्ली.

आता गच्चीवर तिच्याच खाटेवर पापडासारखे थापलेले बिबडे वाळताहेत, अन् तीच कावळे हाकलत बसली आहे. तुझ्यासारखे पातळ नाही झाले, पण तिला ते कुठे माहीत आहे.

घरात सगळ्यांना नमस्कार, तुला सगळ्यात आधी.

तुझी कोकिळा