क्विन्सीचा वेग आणि कोच रकर्टचं धोरण

१ ऑक्टोबर, मंगळवार
आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या क्विन्सी बोडेनचा वेग स्टॉपवॉचवर पुन्हा मोजला. चाळीस यार्ड, ४.३१ सेकंद. आमच्या विभागातल्या कुठल्याच संघात चेंडू झेलणारा असा दुसरा रिसीव्हर नाही. शनिवारी त्याच्याकडे किती चेंडू फेकले? दोन. कोच रकर्ट त्याला नुसता लांब पळवतात आणि चेंडू पाच यार्डांवरच्या भलत्याच कुणाला तरी देतात. रेसची मोटार घ्यायची आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे.
निश्चय: भांडायचं नाही. संघाचे आकडे ठेवणं माझं काम, तेव्हा फक्त आकडे दाखवायचे.

३ ऑक्टोबर, गुरुवार
दाखवले. कोच सँडविच खात होते. म्हणाले, "पोरी, तो पळतो म्हणून तर बाकीच्यांना जागा मिळते." हे मत झालं, माप नव्हे. तसं सांगितलं. "बरं," म्हणाले आणि माझ्या तक्त्यालाच बोट पुसलं.
मी चिडलेली नाही. तक्ता पुन्हा छापला. या वेळी लॅमिनेट करून.

१२ ऑक्टोबर, शनिवार
जिंकलो, २४-२०. क्विन्सीकडे एक चेंडू. असे विजय मी योगायोगात धरते. या मोसमात सहा योगायोग झाले.

२३ ऑक्टोबर, बुधवार
जेवणघरात टकर, म्हणजे चेंडू फेकणारा आमचा क्वार्टरबॅक, समोर येऊन बसला. म्हणाला, "घड्याळबाई, एक सांगू? चाळीस यार्डांच्या पुढे माझा चेंडू जातच नाही. तुझा क्विन्सी तोवर पन्नासावर असतो." आत्मविश्वासाचा अभाव. याचीही जबाबदारी कोचवरच येते. तक्त्यात नोंद केली नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार
पुन्हा जिंकलो. पुढच्या शनिवारी शेजारच्या गावाशी शेवटचा सामना. जिंकलो तर बाद फेरी, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. क्विन्सीचं हे शेवटचं वर्ष. त्याची कारकीर्द वाया जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं आहे. त्याला विचारलेलं नाही. गरज वाटली नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार
दर सोमवारी चर्चच्या तळघरात संघाच्या देणगीदारांचा नाश्ता असतो. पॅनकेक खात गावकरी कोचना शनिवारचा हिशोब विचारतात. आज मी उभी राहिले. चौदा स्लाइड.
ट्रॅक्टरवाले डिट्झ ओरडले, "अहो रकर्ट, घोडा पाळलाय तर पळवा की!"
कोचनी डिट्झच्या जावयाकडे पाहिलं. तो शेजारच्या गावचा, सिरप ओतून घेत होता. उत्तर नसलं की माणूस इकडेतिकडे बघतोच.
शेवटी कॉलेजच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "करून तर बघा, कोच." ठरलं: शनिवारी पहिले तीन चेंडू क्विन्सीला, लांब.
दारात कोच मला म्हणाले, "आधी माझ्याकडे यायचं होतंस." मी गेले होते. ३ ऑक्टोबरला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
अपेक्षित फरक: आमच्या बाजूने सतरा गुण. दशांश गाळले आहेत.

१६ नोव्हेंबर, शनिवार
हरलो, ६-३१.
पहिला चेंडू: क्विन्सी सगळ्यांच्या पुढे, एकटा. चेंडू त्याच्या बारा यार्ड मागे पडला. दुसरा: तो थांबून वळला, तोवर बचावपटू पोचले. तिसरा त्यांनीच झेलला.
त्यानंतर त्यांच्या बचावातले मागचे दोघे पुढे सरकले आणि तिथेच उभे राहिले. क्विन्सी पळाला तरी कुणी मान वळवेना. आमच्या छोट्या फेकींना जागाच उरली नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
कोचच्या खोलीत गेले. त्यांनी खुर्ची पुढे केली. रागावले असते तर बरं झालं असतं.
"टकरचा हात आखूड आहे, हे दहा सामने कुणालाच कळलं नव्हतं," ते म्हणाले. "लांब फेकलंच नाही, तर कळणार कसं? समोरचे सगळे क्विन्सीला घाबरून मागे सरायचे. आणि हे मी त्या तळघरात, डिट्झच्या जावयासमोर सांगायचं होतं का?"
बाहेर क्विन्सी आपला कप्पा रिकामा करत होता. त्याला मी म्हणाले, की निदान तुला संधी तरी मिळाली.
"कसली संधी, घड्याळबाई? दर शनिवारी दोन-दोन माणसं मला भिऊन मागे पळायची. काल त्यातला एक जागचा हलला नाही. वर मला म्हणतो, जा बाबा, पळून ये."
घरी येऊन पराभवाच्या कारणांची यादी करायला घेतली. पहिलं कारण: वारा. मग हवामान खात्याची नोंद पाहिली. कॅन्ससमध्ये काल वारा नव्हता.
दुसरं कारण अजून सुचलेलं नाही.