नेल्डाच्या पलंगावरचं छप्पर

कस्टर, साउथ डकोटा
१४ जून

ती. आर्डिथताईस,
वर्लिनचा कृ. सा. न. वि. वि.

तुझा जॅम पोचला. नेल्डाने तो हॉस्पिटलातल्या नर्सना वाटून टाकला, नवऱ्याला रिकामी बरणी. तिचा दम तसाच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता फारसा उपाय नाही, घरी न्या. पण आमचं घर म्हणजे ही चाकांवरची घरगाडी. मे महिन्यातल्या गारांपासून तिचं छप्पर नेमकं नेल्डाच्या पलंगावर गळतंय. बुरशी धरलेल्या खोलीत पेशंट पाठवणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

छप्पर बदलायची ऐपत नाही, सगळी भिस्त विम्यावर. काल कंपनीचा सर्व्हेअर आला. वर चढून फोटो काढले आणि म्हणाला की हे गारांचं नुकसान नाही, सांध्यांत पाणी अडवणारं सीलंट भरायचं तुम्ही सोडून दिलंय. मी त्याला चांगलंच झापलं. माझी बायको दर वसंतात सांधे भरल्याशिवाय गाडी हलू देत नाही म्हणून सांगितलं. लेकाचा नुसता मान हलवत होता.

नेल्डा तुझी आठवण काढते. लोभ असू दे.
तुझा वर्लिन

डब्यूक, आयोवा
२१ जून

चि. वर्लिनला अनेक आशीर्वाद.

तू कुणाला झापलंस हे वाचून तुझ्या रोलंडभावजींना हसू आवरेना. कोंबडी अंगावर आली तरी माझ्या मागे लपणारा तू! पण बरं केलंस. स्टुलावर चढलास तरी तुला घेरी येते, छपराचं काम नेल्डाच करते, हे तुमच्या घरगाड्यांच्या साऱ्या कॅम्पला माहीत आहे. तिच्याकडून तसं लिहून घे आणि कंपनीच्या तोंडावर मार.

तिला इथे आणायचं मी पुन्हा सुचवलं होतं. ती म्हणाली की आर्डिथ, मरायचंय ते माझ्या पलंगावर, माझ्या खिडकीशी. मला फोनवर रडू आलं, तिला नाही. तेव्हा भांड, वर्लिन. स्वतःच्या जेवणाकडेही बघ.

तुझी ताई आर्डिथ

कस्टर
३ जुलै

ती. ताईस, सा. न.

तू सांगितलंस तसं लिहून घ्यायला तिच्यापाशी बसलो. तिने कागद बाजूला सारला. मग म्हणाली की माझ्या नावाने खोटं लिहू नकोस. गेल्या वर्षी आणि त्याआधीच्या वर्षीही ती अर्ध्या शिडीवरून परत फिरली होती. दम पुरेना. गाडीमागे बसून राहायची, बोटांना सीलंट फासायची आणि आत येऊन सांगायची की झालं, निघू या. ताई, ती बोटं मी स्वतः पुसून दिली आहेत.

मला तेव्हा कळलं असतं तर मी गाडी विकून तिला डॉक्टरांच्या दारात नेऊन बसवलं असतं. तिला ते नको होतं. तिला फिरायचं होतं. मी तिच्यावर रागावायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

सर्व्हेअरला कळवलं की तुमचं बरोबर आहे. त्याला वर चढल्याबरोबर जे दिसलं, ते तिच्या शेजारी झोपून मला दिसलं नाही.

शेजाऱ्यांनी छपरावर ताडपत्री बांधली, पण आतली ओल हटत नाही. डॉक्टरीणबाई नाहीच म्हणतात. नेल्डा आता फार बोलत नाही. रोज संध्याकाळी एवढंच विचारते की पलंग सुकला का. मी सांगतो, सुकत आलाय, शनिवारी नेतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा वर्लिन