दगडावरचं नाव

ऱ्हाँडा खोरं, मार्च १९११

प्रिय आई,

मी बरा आहे. खाणीत काम रोज मिळतं, खोकलाही कमी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आम्हाला मुलगा झाला. मेगनही ठीक आहे. तुझं पत्र मिळालं. मुलगा झाला तर नाव एम्रिसच ठेवा, त्याचा अर्थ अमर, असं लिहिलंयस.

अमर म्हणे. तुझा पहिला मुलगा एम्रिस तीन वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. पुढच्या वर्षी मी झालो, तर तू तेच नाव मला लावलंस. फुलांच्या रविवारी सगळं गाव आपापली थडगी धुवायचं आणि तू माझ्याच नावाचा दगड माझ्याकडून घासून घ्यायचीस. वर म्हणायचीस, "नीट घास. तो तुझ्यासारखा आळशी नव्हता." तीन वर्षांचं पोर ते, आई. त्याने कधी काय काम केलं होतं?

नाव ठरवताना मी मेगनला एवढंच विचारलं, "ग्विन नावाचं तुमच्यात कुणी मेलंय का?" ती नाही म्हणाली. ग्विन ठेवलं.

येत्या फुलांच्या रविवारी दगड तूच घास. आणि पुढचं पत्र मला लिही, दगडाखालच्या त्याला नको.

तुझा, अजून जिवंत असलेला,
एम्रिस