सायलीचा उजवा खांदा

३ डिसेंबर, बुध.
सायली आली. म्हसळ्याहून रिक्षा करून. नात घरी आली म्हणून मी सकाळपासून खूश, ती न्हाय. उजव्या खांद्याची शीर दुखावलीय. डॉक्टर म्हणाला, हात खांद्याच्या वर न्यायचा न्हाय. बॅट चालेल, बॉल बंद. मी म्हटलं, "मग बॅटच मार की." "आजी, नुसत्या बॅट मारणाऱ्या टीमकडे ढीगभर हायेत. मला दोन्ही येतं म्हणून घेतलीय." महिनाअखेरीला टीमवाले हात बघणार. बॉल टाकता आला तर पुढच्या साली ठेवतील. न्हायतर काढतील. जवळ्याची चटणी केली, दोन भाकऱ्या खाल्ल्या. खाणं ठीक हाय.

५, शुक्र.
केस मीच विंचरते, तिचा हात वर जात न्हाय. एरवी अर्धा तास हाताला लागायची न्हाय. आता गप बसते. मला बरं वाटतं, खोटं कशाला लिहू. तेल घालू म्हटलं तर म्हणे हेल्मेटला वास येतो. घातलंच. सुनेने विचारलं, दुखतंय का गो. तिला "न्हाय" म्हणाली. सून आत गेल्यावर मला "व्हय".

७, रवि.
नाना आला, मंडळाचा अध्यक्ष. पुढल्या रविवारी गावचे सामने, भात काढलेल्या शेतात. दरसाल पहिला बॉल कुणातरी मोठ्या माणसाने टाकायचा, मग खेळ. गेल्या साली नानानेच टाकला, स्वतःच्या पायावर. औंदा सायली. बॅनर छापून पण आला, विचारलं कुणी न्हाय. ती डॉक्टरचं सांगायला लागली. नाना म्हणे, "एकच तर बॉल गो. गावाचा मान हाय." आता न्हाय म्हटलं तर पोर शेफारली म्हणतील. चहा घेऊन गेला. साखर कमी पडली म्हणाला.

१४, रवि.
मैदानात नारळ वाढवला. सरपंच बॅट घेऊन उभे. सायलीने हात वर न नेता खालूनच बॉल सोडला. आमच्या आळीत पोरं तसाच टाकतात, वरून टाकला की कौलं फुटतात, अंगणात सुपारी वाळत असते ती वेगळीच. सरपंच वरून येईल म्हणून आभाळात बघत राहिले. बॉल सरपटत स्टंपात. नाना: "हा कसला बॉल?" सायली: "तुमच्याच अंगणात शिकले, नाना." सगळं शेत हसलं. मी पदर तोंडाला लावला.

१५, सोम.
कुणीतरी मोबाईलवर काढून पाठवलं, ते टीमपर्यंत गेलं. तिथल्या सरांचा फोन. स्पीकरवर होता, पडवीत ऐकू आलं.
"बॉल टाकलास?"
"खालून, सर. खांद्याला काम न्हाय त्यात."
"हात चालतोय ना? मग बुधवारीच ये. वरून टाकून दाखव."
पंधरा दिवस आराम राहिला होता, तो गेला. नानाला सांगायला निघाले, सायली म्हणाली, नको, वाईट वाटेल त्यांना. भाकरी अर्धीच खाल्ली.

१६, मंगळ.
माणगावच्या एस.टी.ला बसवून आले. खाली उभी राहून मी खिडकीतून बघत होते. कंडक्टर म्हणाला, "ताई, बॅग मी ठेवतो वर." "राहू दे." उजव्याच हाताने उचलली आणि डोक्यावरच्या फळीवर ठेवली. ठेवताना तोंड पलीकडे होतं. वळून बसेपर्यंत गाडी हलली.