सावंत मॅडम अधिक एक

प्रिय वहिनी,

उद्या रविवार. उद्या वर्गात सर तुझं नाव पुकारतील आणि त्यावर काय बोलायचं ते माझं ठरत नाहीये, म्हणून तुला लिहायला बसलेय. बसलेय म्हणजे काय, दोन ओळी लिहून एकदा गॅस बंद आहे का बघून आले, एकदा गॅलरीतले कपडे उलटे करून आले. कपडे सकाळीच वाळलेत.

तुला ‘तू’ म्हणतेय, राग नाही ना? लग्न होऊन आल्यापासून मी तुला अहो वहिनी, येता का, जेवलात का, असंच करत आले. मुक्त विद्यापीठात नाव घातलं त्या दिवशी तू दटावलंस, “धाकटे, आता आपण एका वर्गातल्या. एका वर्गातल्या मुली अहो-जाहो करतात का?” मुली म्हणे! तुझी केतकी तेव्हा कॉलेज संपवून बंगळूरला नोकरीला लागली होती. शेवटी तडजोड झाली, घरात ‘तुम्ही’ आणि वर्गात ‘तू’. तर हे पत्र वर्गातलं समज.

मला काय गरज होती गं बी.ए.ची? फॉल-बिडिंगच्या साड्या येत होत्या, घर चाललं होतं, बारावीनंतर कुणी विचारलंही नव्हतं. तूच तिसऱ्या मजल्यावरून खाली आलीस आणि म्हणालीस, “चल की. एकटीला लाज वाटते मला.” तुला लाज! जिने सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या पाण्यावरून सेक्रेटरीला रडकुंडीला आणलं, तिला लाज! आणि मी बावळट, खरं मानलं. आता वाटतं, थाप होती ती. मला घराबाहेर काढायला मारलेली. खरं ना? सांग ना!

ओढून आणलंस आणि शेवटच्या सत्रात स्वतः सटकलीस. हे काय वागणं झालं?

दोघींना पुस्तकांचे दोन संच आले होते. तुझा फोडला, माझा प्लास्टिकच्या पिशवीत तसाच दिवाणात गेला. “एकावर काम भागतंय, तुझा कोरा राहू दे, केतकीच्या मैत्रिणीला देऊ,” म्हणालीस. मी हो म्हटलं. तुझ्या पुस्तकात दोघींच्या पेन्सिलीच्या खुणा, तुझ्या सरळ रेघा आणि माझी प्रश्नचिन्हं. माझी पुस्तकं अजून दिवाणातच आहेत, उशांच्या खाली.

वर्गही तसाच. रविवारी अकरा वाजता तुझ्याकडे, तुझ्या टॅबवर, दोघी मॅक्सीत, म्हणून कॅमेरा बंद. पडद्यावर नाव तुझ्या एकटीचं, शैला सावंत. पहिल्याच दिवशी हजेरीला तू म्हणालीस, “सर, बाजूला माझी जाऊ पण आहे, तिचीही हजेरी लावा.” सर हसले. “मग मी लिहितो, सावंत मॅडम अधिक एक.” सगळा वर्ग हसला. तेच नाव पडलं ते पडलंच. तीन वर्षं दर रविवारी “सावंत मॅडम अधिक एक?” आणि तू ठणठणीत, “आहोत सर!”

एकदा तू माझं नाव सांगायला निघाली होतीस. मीच कोपर मारलं, राहू दे म्हटलं. मला बरं वाटत होतं तसं. नाव नाही, म्हणजे कुणी काही विचारणार नाही.

प्रश्न मात्र मला फार पडायचे. पडला की मी कोपर मारायची आणि तुझ्या कानात सांगायची, तू विचारायचीस. तो लोणच्याचा आठवतो? सर एकत्र आणि विभक्त कुटुंब शिकवत होते. मी कानात म्हटलं, दोन भाऊ एकाच बिल्डिंगमध्ये, एक पहिल्या मजल्यावर, एक तिसऱ्या, स्वयंपाक वेगळा पण लोणचं एकत्र घालतात, तर हे कुटुंब एकत्र की विभक्त? तू तो असा काही विचारलास की सर दोन मिनिटं हसत होते. मग म्हणाले, याचं उत्तर पुस्तकात नाही मॅडम. त्यानंतर दर वर्षी नव्या मुलांना ते तुझा लोणच्याचा प्रश्न सांगायचे. तुझा!

दारावर कुणीतरी आलंय. थांब.

हेतलबेन होती. साडी घेऊन परत आली. “भाभी, ये तो ऊपरवाले बॉर्डर पे लगा दिया आपने! मैं क्या उलटी पहनूँ?” इतकी वर्षं फॉल लावतेय, असं कधी झालं नव्हतं. “ध्यान किधर है आजकल?” म्हणाली. आता तिला काय सांगू, ध्यान किधर है?

फेब्रुवारीत साधा ताप म्हणून गेलीस आणि न्यूमोनिया निघाला. पिशवीत पुस्तक घेऊन गेलीस. “दोन दिवस पडून राहायचंय, एक युनिट होईल,” म्हणालीस. मी मऊ भाताचा डबा घेऊन आले तेव्हा तुला आत नेलं होतं. डबा मी तसाच परत आणला. पुढचं नाही लिहीत, तुला माहीतच आहे.

तेरावं झालं आणि भाऊजी टॅब घेऊन खाली आले. “हा तूच ठेव. मला बघवत नाही. पण अभ्यास सोडू नकोस, ती मला छळेल.” रविवारी अकराला मी टॅब लावला. सवयीने. पडद्यावर तुझं नाव उमटलं, शैला सावंत. तेवढ्यात सर म्हणाले, “सावंत मॅडम! दोन रविवार कुठे होतात? अधिक एक आहेत ना?”

आणि मी म्हटलं, “आहोत सर. दोघी.”

का म्हटलं? शपथ सांगते, ठरवून नाही. तोंडातून गेलं. सर म्हणाले, आवाज बसलाय का? मी म्हटलं, हो सर, ताप होता. हजेरी लागली, वर्ग सुरू झाला. आणि तासाभराने मला एक शंका आली तेव्हा मी कोपर मारलं, ते उशीवर बसलं.

मग मीच विचारली शंका. तुझ्या नावाने! सर म्हणाले, छान प्रश्न, शैला मॅडम. तेव्हापासून विचारत सुटलेय. तुझं नाव पांघरलं की मला भीतीच वाटत नाही गं. हे बरं आहे का वाईट? मला झोप लागत नाही त्या विचाराने.

सांगून टाकणार होते. दुसऱ्याच रविवारी सांगणार होते. पण त्या दिवशी भाऊजी खाली आले, हातात पेपर. “तुझा वर्ग चालू दे, मी बसतो इथे,” म्हणाले. खिडकीपाशी बसले. सरांनी तुझं नाव घेतलं आणि त्यांचा पेपर हलायचा थांबला. वर्ग संपल्यावर मी म्हटलं, भाऊजी, मी सरांना अजून सांगितलं नाही, चुकलंच माझं, पुढच्या वेळी सांगते. भाऊजी म्हणाले, “राहू दे ना थोडे दिवस. घरात तिचं नाव घेतलं की सगळे रडतात. इथे कुणीतरी सरळ हाक मारतं.”

दर रविवारी येतात. पेपरचं पान एकही उलटत नाहीत.

चाललं असतं असंच. पण गेल्या वर्गात ती डोंगरी गावची फिलोमिना आहे ना, मासळीचा हिशेब सांभाळून अभ्यास करणारी, तुझी लाडकी, ती म्हणाली, “शैलाताय, यंदा माजं परीक्षेचं सेंटर पण भाईंदरलाच आयलंय! तीन वर्सं नुसता आवाज आयकते तुमचा. मंगलवारी गेटवर भेटू. तुमच्यासाठी सुकट आनते, जवला, एकदम साफ केलेला.” आणि सर म्हणाले, पुढचा वर्ग शेवटचा, सावंत मॅडम विद्यार्थ्यांतर्फे दोन शब्द बोलतील.

ऐकलंस? मंगळवारी ती गेटवर जवळा घेऊन उभी राहणार, तुझी वाट बघत. सांगितलं तर भाऊजींचा रविवार जातो. नाही सांगितलं तर त्या बाईला मी कुठल्या तोंडाने भेटू? दोन दिवस वाटतंय, परीक्षेलाच जाऊ नये. आजारी आहे म्हणावं, पुढच्या वर्षी बघू. हे म्हणाले, “मग सोडून दे, कुणी जबरदस्ती केलीय?” यांना काय कळतंय! तू असतीस तर काय केलं असतंस? तू असतीस तर हा घोळच झाला नसता, हेही खरंच.

लाइट गेली. पुरे आता.

रविवार, दुपार.

वहिनी, सांगितलं.

भाऊजी आले होते. मी त्यांना आधी काही बोलले नाही, चहा दिला. आंघोळ करून धुतलेली साडी नेसले होते, त्यांनी बघितलं, पण विचारलं नाही. सरांनी हजेरी घेतली. एकेक नाव. मग, “सावंत मॅडम अधिक एक?”

मी माइक चालू केला. “अधिक नाही सर,” म्हटलं. “एकच आहे.”

“का हो? जाऊबाई नाही आल्या?”

“जाऊच आलेय सर. मॅडम नाहीत. मॅडम फेब्रुवारीत वारल्या.”

मला वाटलं नेट गेलं. मी टॅब हलवूनसुद्धा बघितला. मग सरांचा आवाज आला, अगदी हळू. “मग इतके रविवार मी कुणाशी बोलत होतो?”

“माझ्याशी सर. माझं चुकलं. पडद्यावरचं त्यांचं नाव काढवत नव्हतं.”

“आणि तुम्ही विचारता ते प्रश्न?”

“ते आधीपासून माझेच सर. मी कानात सांगायची, वहिनी विचारायच्या.”

“लोणच्याचा?”

“तोही.”

मग सर म्हणाले, “तीन वर्षं मी अधिक एक लिहितोय. तुमचं नाव काय?”

वहिनी, स्वतःचं नाव पहिल्यांदा नीट आलंच नाही. सर म्हणाले, परत सांगा, लिहून घेतोय. मी परत सांगितलं. कॅमेरा पण चालू केला. दोनदा भलतंच बटण दाबलं गेलं.

मला वाटलं, आता फिलोमिना बोलणार, फसवलंत म्हणणार. ती आधी रडतच होती. मग म्हणाली, “ताय, मंगलवारी गेटवर मी हाय. एकटी न्हाय तू. न् जवला मी आननारच, तुमच्या भाऊजींना दे.” भाऊजींचं तिला मी कधी सांगितलं? तूच सांगितलं असणार, काय काय बोलत होतीस माझ्यामागे!

सरांनी आजचं शिकवणं बाजूला ठेवलं. म्हणाले, शैला मॅडमबद्दल ज्याला बोलायचंय त्याने बोला. एकेक जण बोलायला लागला. चेणे गावचा तो वॉचमनकी करणारा मुलगा म्हणाला, शैलाताई नसत्या तर मी दुसऱ्या वर्षीच सोडलं असतं, दर वेळी ओरडायच्या मला. कोणी म्हणालं, शैलाताई हसायच्या ते आठवतं. शैलाताई असं, शैला मॅडम तसं. तुझं नाव इतक्यांदा घेतलं गं सगळ्यांनी की तुझे कान तिकडे लाल झाले असतील.

भाऊजींनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला होता. डोळे पुसत नव्हते, तसेच वाहू देत होते. वर्ग संपला तेव्हा म्हणाले, “पुढच्या रविवारी नसणार ना वर्ग?”

“नाही भाऊजी. संपले.”

“मी येईन तरी,” म्हणाले. “तू मला शिकव ते, विभक्त कुटुंब वगैरे.” आणि कप स्वतः विसळून ठेवून वर गेले.

आत्ता मी दिवाण उघडला. उशा बाजूला केल्या आणि माझा संच काढला. प्लास्टिक चिकटून बसलं होतं, कात्रीने कापावं लागलं. नव्या पुस्तकाचा वास येतोय अजून. तुझं पुस्तक शेजारी ठेवलंय, पण खुणा माझ्या माझ्या करतेय. रेघा वाकड्या येतात, येऊ देत.

मंगळवारचा पेपर देईन, वहिनी. परीक्षेचे फॉर्म आपण तुझ्या तापाआधीच भरले होते, तुझा आधी, माझा मागून, तर आसनक्रमांक एकापाठोपाठ एक आहेत, म्हणजे तुझा बाक माझ्या पुढेच येणार, रिकामा. मी त्याच्याकडे बघणार. न बघण्याचं वचन नाही देत, ते जमायचं नाही. पण प्रश्नपत्रिकेत काही कळलं नाही, तर कोपर मारायला कुणी शोधणार नाही. हात वर करीन. माझा.

तुझी वर्गातली,
नलिनी सावंत